९२ टक्के फ्लॉप गेट केले, तरी पॉवर ४० वरून ३६ मिलिवॉटच का?

सुप्त_फ्लॉप

आवाजातले ठरावीक शब्द ओळखणारा एक छोटा न्यूरल ॲक्सेलरेटर आहे. प्रक्रिया २८ नॅनोमीटर, ०.९ व्होल्ट, २०० मेगाहर्ट्‌झ. ८ बिटांचे ६४ मॅक (गुणाकार करून बेरजेत मिळवणारे घटक), प्रत्येकाला २४ बिटांचा ॲक्युम्युलेटर (चालू बेरीज धरणारं रजिस्टर). एसरॅम (चिपवरची मेमरी) एकूण २५६ किलोबाइट: १६ किलोबाइटच्या १६ बँका, प्रत्येक ६४ बिट रुंद. १२ बँकांत वेट्स (नेटवर्कचे शिकलेले, स्थिर आकडे), ४ बँकांत ॲक्टिव्हेशन (लेयरमधून पुढे जाणारे आकडे). फ्लॉप (क्लॉकच्या ठोक्याला एक बिट धरणारे घटक) सुमारे १२ हजार.

दर २० मिलिसेकंदांना एक फ्रेम येते. ब्लॉक ३ मिलिसेकंद काम करतो, उरलेले १७ मिलिसेकंद रिकामा बसतो.

सिंथेसिसमध्ये (कोडमधून गेट बनवण्याच्या पायरीत) क्लॉक गेटिंग, म्हणजे गरज नसताना फ्लॉपचा क्लॉक अडवणं, चालू केलं. टूल म्हणतं ९२ टक्के फ्लॉप गेट झाले. काम चालू असतानाची पॉवर मात्र ४० मिलिवॉटवरून फक्त ३६ वर आली. विभागणी अशी: मेमरी १६, क्लॉक नेटवर्क आणि फ्लॉपच्या क्लॉक पिन मिळून ११, कॉम्बिनेशनल लॉजिक ७, लीकेज, म्हणजे काही न हलताही होणारी गळती, २ (२५ अंश सेल्सिअसला). रिकामा असताना ९ मिलिवॉट.

गेटिंगचा एनेबल (गेट उघडणारा सिग्नल) म्हणजे 'पाइपलाइन अडलेली नाही' हा सिग्नल. मेमरीचे चिप-एनेबल स्टेट मशीनच्या 'काम चालू' या बिटावर आहेत. टॉगल आकडे (कोणता सिग्नल किती वेळा हलतो ते) आरटीएलच्या, म्हणजे डिझाइनच्या मूळ कोडच्या, रिग्रेशन चाचण्यांच्या सैफ फाइलमधून घेतले, ॲनोटेशन (असा आकडा मिळालेल्या नेटचं प्रमाण) ७१ टक्के.

सरासरी ४ मिलिवॉटच्या आत यायचं आहे. डोक्यात तीन गोष्टी आहेत: पॉवर गेटिंग (रिकाम्या वेळात पुरवठाच तोडणं), व्होल्टेज थेट ०.६ वर आणणं, किंवा नव्या नोडवर (आणखी बारीक प्रक्रियेवर) जाणं. यातलं आधी कशाला हात घालावा?

---

निवांत_नेटलिस्ट

तिन्हींपैकी कशालाच नाही, निदान आधी तरी नाही.

पहिलं काम म्हणजे हिशोब पॉवरमध्ये मांडणं सोडून एका फ्रेमच्या ऊर्जेत मांडा. ३६ मिलिवॉट गुणिले ३ मिलिसेकंद म्हणजे १०८ मायक्रोज्यूल. ९ मिलिवॉट गुणिले १७ मिलिसेकंद म्हणजे १५३. एकूण २६१ मायक्रोज्यूल, म्हणजे सरासरी १३ मिलिवॉट. तुमचं लक्ष्य ८० मायक्रोज्यूल आहे. ब्लॉक काम करताना जेवढं खातो त्याच्या दीडपट काही न करता खातो, आणि तुमचं सगळं लक्ष त्या ३६ वर आहे.

आता ९२ टक्क्यांबद्दल. टूलचा तो आकडा एवढंच सांगतो की इतक्या फ्लॉपच्या क्लॉक वाटेत गेट बसलं आहे. ते गेट किती वेळ बंद असतं, हे त्यात नाही. तुमचा एनेबल 'अडलेली नाही' हा आहे. बफर भरलेले असताना पाइपलाइन क्वचितच अडते, आणि ब्लॉक रिकामा असताना तर ती 'अडलेली' नसतेच. म्हणजे दोन्ही वेळा गेट सताड उघडं. रिकाम्या अवस्थेतल्या ९ मधून २ लीकेज वजा केलं तर ७ मिलिवॉट उरतात, तो हाच क्लॉक.

खरा आकडा हवा असेल तर प्रत्येक गेटच्या आउटपुटचे ठोके मोजा, मूळ क्लॉकच्या ठोक्यांनी भागा आणि त्या गेटखालच्या फ्लॉपच्या संख्येने वजन देऊन सरासरी काढा. हा आकडा ३०–४० टक्क्यांच्या खाली आणता आला तर गेटिंगचं काही चीज झालं म्हणायचं.

दुरुस्ती दोन पातळ्यांवर आहे. ब्लॉकच्या क्लॉकच्या मुळाशी एक गेट बसवा, जे 'काम चालू' आणि 'कॉन्फिगरेशन रजिस्टरवर लिहिणं चालू' यांच्या ऑरवर उघडेल. पानांजवळची गेटं बंद असली तरी त्यांच्या वरचं झाड ठोके खातच राहतं; मूळ बंद झालं की झाडही थांबतं. एवढ्या एका गेटने रिकामी अवस्था ९ वरून लीकेजच्या २ वर येते. १५३ चे ३४ मायक्रोज्यूल, आणि एकूण २६१ चे १४२. कामातला हा सर्वांत स्वस्त बदल.

दुसरी पातळी पाइपलाइनच्या आत. प्रत्येक टप्प्यासोबत एक व्हॅलिड बिट वाहू द्या आणि पुढच्या टप्प्याच्या रजिस्टरचा एनेबल मागच्या टप्प्याचा व्हॅलिड आणि 'अडलेली नाही' यांचा अँड असू द्या. व्हॅलिड बिटाचे स्वतःचे फ्लॉप मात्र 'अडलेली नाही' वरच ठेवा, नाहीतर जुना व्हॅलिड तसाच चिकटून राहील आणि एकच डेटा दोनदा बेरजेत जाईल. फंक्शनल टेस्टमध्ये हे लवकर सापडत नाही, कारण सलग डेटा असेल तर उत्तर बरोबरच येतं. फ्रेममध्ये मुद्दाम भोकं पाडणारी टेस्ट लिहा.

गेटच्या सेलबद्दल दोन बारकावे. लॅच आणि अँड एकत्र असलेला लायब्ररीचा तयार सेलच वापरा. आरटीएलमध्ये हाताने अँड लावलात तर क्लॉक वर असताना एनेबल हलला की अर्धवट ठोका फ्लॉपपर्यंत जातो. लॅच क्लॉक खाली असतानाच उघडा असल्यामुळे तसं होत नाही. आणि टेस्ट-एनेबल पिन स्कॅन-एनेबलला जोडायला विसरू नका. गेट बंद राहिलं तर स्कॅन चेन (तयार चिप तपासण्यासाठी जोडलेली फ्लॉपची साखळी) सरकणारच नाही.

किमान रुंदीही तपासा. एक गेट स्वतः दोन-तीन फ्लॉपएवढी क्लॉक पॉवर घेतं. दोन-तीन बिटांच्या गटांना गेट लावून फायदा शून्य. ४ च्या खाली जाऊ नका, ८ बरं.

---

बिटलाइन

क्लॉकचं वर आलंच आहे. मला त्या १६ मिलिवॉट मेमरीचं बोलायचं आहे, कारण काम चालू असतानाचा तो सर्वांत मोठा आकडा आहे आणि तुम्ही त्याला हातही लावलेला नाही.

१६ बँका, १६ मिलिवॉट, २०० मेगाहर्ट्‌झ. म्हणजे एका बँकेच्या एका वाचनाला ५ पिकोज्यूल. २८ नॅनोमीटरला १६ किलोबाइटच्या मॅक्रोसाठी हा आकडा अगदी रास्त आहे. याचा अर्थ मॅक्रोत दोष नाही. दर ठोक्याला सोळाच्या सोळा बँका वाचल्या जात आहेत. तुमचा चिप-एनेबल 'काम चालू' वर बांधलेला आहे, तेव्हा दुसरं काय होणार? पत्ता बदलला नाही तरी चिप-एनेबल १ असलेली एसरॅम प्रत्येक ठोक्याला बिटलाइन प्रीचार्ज करते, वर्डलाइन उचलते, सेन्स ॲम्प्लिफायर चालवते. आउटपुट कोणी बघो न बघो.

मॅक ॲरे एका ठोक्याला किती बँकांचा डेटा खरंच वापरतो ते मोजा. कन्व्होल्यूशनमध्ये वेट्स रजिस्टरमध्ये धरून ठेवत असाल तर चारच्या वर जाऊ नये. प्रत्येक बँकेचा चिप-एनेबल तिच्या पत्त्याच्या डिकोडवर आणि 'या ठोक्याला वाचन हवं' या बिटावर बांधा. १६ चे ४ मिलिवॉट होतात. इथे टायमिंग थोडं घट्ट होतं, कारण चिप-एनेबलचा सेटअप (ठोक्याआधी सिग्नल स्थिर लागण्याचा वेळ) पत्त्याएवढाच मोठा असतो आणि आता त्याच्या वाटेत डिकोडर आला. जमत नसेल तर पत्ता एक ठोका आधी काढा. वाचन न झालेल्या ठोक्याला मॅक्रोचं आउटपुट जुनी किंमत धरून ठेवतं की नाही, हे डेटाशीटमध्ये पाहून घ्या. पुढचं लॉजिक त्यावर विसंबून असेल तर घोळ होतो.

मेमरी इतकी का खाते याचा अंदाज येण्यासाठी स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेले ४५ नॅनोमीटर, ०.९ व्होल्टचे आकडे अजूनही कामाचे आहेत: ८ बिटांचा गुणाकार ०.२ पिकोज्यूल, ३२ बिटांची पूर्णांक बेरीज ०.१, ८ किलोबाइटच्या कॅशमधून ६४ बिट वाचायला १०, आणि बाहेरच्या डीरॅमपर्यंत जायला १.३ ते २.६ नॅनोज्यूल. म्हणजे ६४ बिटांत ८ वेट्स आणून एकदाच वापरले तर गुणाकारांना १.६ पिकोज्यूल आणि आणणावळ १०. तेच वेट्स रजिस्टरमध्ये ठेवून १६ पिक्सेलना वापरले तर आणणावळ प्रत्येक वेळी ०.६ वर येते. गूगलच्या पहिल्या टीपीयूची (न्यूरल नेटवर्कसाठीच्या चिपची) रचना याच हिशोबावर उभी आहे: २८ नॅनोमीटर, ७०० मेगाहर्ट्‌झ, २५६ गुणिले २५६ म्हणजे ६५,५३६ मॅक, आणि एकदा वाचलेली किंमत शेजारून शेजारी सरकत जाते. तुमच्याकडे ६४ मॅक आहेत, पण तत्त्व तेच. मॅकची संख्या किंवा गुणाकाराचं सर्किट बदलण्याआधी लूपचा क्रम बदलून पाहा. त्याला सिलिकॉन लागत नाही.

---

हॉट_कॉर्नर

वरचं सगळं मान्य, पण ज्या आकड्यांवर हे चाललं आहे त्यांचाच पाया कच्चा आहे. रिग्रेशनची सैफ फाइल म्हणजे रँडम डेटा. त्यात प्रत्येक बिट निम्म्या वेळा हलतो. खऱ्या आवाजाच्या डेटात तसं होत नाही, आणि रेलूनंतर (ऋण आकडे शून्य करणाऱ्या पायरीनंतर) तर बरेच ॲक्टिव्हेशन चक्क शून्य असतात. म्हणजे लॉजिकचे ७ मिलिवॉट इथे फुगलेले आहेत.

उलट बाजूने, आरटीएलच्या सिम्युलेशनमध्ये ग्लिच (एका ठोक्याच्या आतले फुकटचे बदल) दिसतच नाहीत. गुणाकाराच्या आंशिक बेरजांच्या झाडात वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळ्या वेळी बिट पोचतात आणि एका ठोक्यात तोच नोड दोन-तीनदा हलतो. ते ७ मध्ये मोजलेलं नाही. दोन चुका विरुद्ध दिशांना आहेत म्हणून एकमेकींना खोडतील असं समजू नका.

मोजायची पद्धत अशी ठेवा. राउटिंग झाल्यानंतरची नेटलिस्ट (गेट आणि त्यांच्या जोडण्यांची यादी), एसडीएफ फाइलमधले डिले लावून, खऱ्या आवाजाच्या दोन फ्रेम: एक बोलण्याची, एक शांततेची. पूर्ण फ्रेम नको, गेट-लेव्हलला फार वेळ जाईल. प्रत्येक लेयरच्या मधल्या काही हजार ठोक्यांची व्हीसीडी (सिग्नलच्या बदलांची नोंद) खिडकी पुरते. तारांची धारिता स्पेफ फाइलमधून. ॲनोटेशन ९५ टक्क्यांच्या वर. तुमच्या ७१ मध्ये उरलेल्या २९ टक्के नेटवर टूलने स्वतःच्या मनाचा टॉगल दर भरला आहे. बहुतेक वेळा सिंथेसिसने नावं बदललेल्या रजिस्टरमुळे हे होतं. सिंथेसिसची नाव-जुळणी फाइल पॉवर टूलला दिली की बरंचसं सुटतं.

शून्यांचा फायदा घेणं सोपं आहे. ॲक्टिव्हेशनच्या ८ बिटांचा ऑर घ्या. शून्य असेल तर त्या मॅकच्या ऑपरंड रजिस्टरला आणि ॲक्युम्युलेटरला त्या ठोक्याला क्लॉक देऊ नका. इथे पुष्कळ जण ऑपरंडवर अँड लावून ते शून्य करतात. त्याने गुणाकाराचं झाड एकदा शून्याकडे आणि एकदा परत असं दोनदा हलतं. जुनी किंमत धरून ठेवली तर एकदाही हलत नाही.

आणखी एक, ज्याकडे फारसं कोणी बघत नाही: टू'ज कॉम्प्लिमेंटमध्ये (ऋण आकडे लिहिण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) +१ वरून −१ वर जाताना जवळजवळ सगळे बिट उलटतात. आवाजाचा डेटा शून्याच्याच आसपास नाचत असतो. वेट्स चिन्ह आणि परिमाण अशा रूपात साठवले तर बसवरचे टॉगल बरेच कमी होतात. बदल्यात प्रत्येक मॅकच्या तोंडाशी थोडं लॉजिक वाढतं. ८ बिटांना हे परवडतं का ते व्हीसीडी लावूनच ठरवा.

लीकेजबद्दल: तुमचे २ मिलिवॉट २५ अंशांचे आहेत. ८५ अंशांना हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो, आणि फास्ट कॉर्नरला (सर्वांत वेगवान निघालेल्या चिपमध्ये) त्याहून. मग निवांत_नेटलिस्ट यांचे ३४ मायक्रोज्यूल तीनशेच्या घरात जाऊ शकतात आणि बाकीची सगळी काटकसर त्यात बुडते. ४ मिलिवॉटचं लक्ष्य कोणत्या तापमानाला आहे?

---

सुप्त_फ्लॉप

बॅटरीच्या आयुष्याचं गणित ३५ अंशांच्या आसपास, टिपिकल कॉर्नरला आहे. ८५ ला ब्लॉक चालला पाहिजे, पण बॅटरीचा आकडा तिथे लागू नाही.

कागदावर केलेला हिशोब: मुळाशी गेट, मेमरी १६ चे ४, व्हॅलिडवर गेटिंग करून क्लॉक ११ चे ६, शून्य गाळून लॉजिक ७ चे ५. लीकेज २ धरून काम चालू असताना १७ मिलिवॉट, म्हणजे ५१ मायक्रोज्यूल. रिकामे ३४. एकूण ८५. अजून ५ जास्तच आहेत, आणि ३५ अंशांना लीकेज वाढणार ते वेगळंच. लीकेजमध्ये मेमरीचे १.२ आणि लॉजिकचे ०.८. आता पॉवर गेटिंग की ०.६ व्होल्ट?

---

निवांत_नेटलिस्ट

आता पॉवर गेटिंगची पाळी. पण त्याआधी एक फुकटचं काम उरकून घ्या: ज्या वाटांना टायमिंगमध्ये सवड आहे तिथले सेल हाय-थ्रेशोल्ड (चालू व्हायला जास्त व्होल्टेज लागणारे, मंद पण कमी गळणारे) करा. २०० मेगाहर्ट्‌झला २८ नॅनोमीटरमध्ये लो-थ्रेशोल्ड सेल जवळजवळ लागूच नयेत. सिंथेसिस हाय-थ्रेशोल्ड लायब्ररीनेच सुरू करा आणि हट्टी वाटांपुरतीच बाकीची उघडा. उलट क्रमाने गेलात तर टूल आधी वेगवान सेल पेरून ठेवतं आणि नंतर ते सगळे काढले जात नाहीत.

पॉवर गेटिंग परवडतं का, हे बंद राहण्याच्या वेळेवर ठरतं. बंद भागाच्या रेलची धारिता १ नॅनोफॅरड धरा. ती शून्यापासून ०.९ व्होल्टपर्यंत भरायला पुरवठ्यातून ०.८१ नॅनोज्यूल जातात. लॉजिकचं लीकेज ०.८ मिलिवॉट, म्हणजे साधारण १ मायक्रोसेकंद बंद राहिलं की भरपाई झाली. प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं, कारण स्विच बंद केल्यावर रेल हळूहळू उतरते आणि तोवर लीकेज चालूच असतं. तरी तुमच्याकडे १७ मिलिसेकंद आहेत. इथे प्रश्नच नाही.

वेट्सच्या १२ बँका मात्र बंद करता येणार नाहीत, नाहीतर दर फ्रेमला १९२ किलोबाइट परत भरावे लागतील. त्यांना रिटेन्शन मोडमध्ये टाका: पेरिफेरी (भोवतीचं वाचन-लेखनाचं सर्किट) बंद, ॲरे कमी व्होल्टेजवर. त्यांचे ०.९ मिलिवॉट साधारण निम्मे होतील असं धरा, नेमका आकडा मॅक्रोच्या डेटाशीटमध्ये मिळेल. ४ ॲक्टिव्हेशन बँका आणि सगळं लॉजिक पूर्ण बंद. स्विचचं स्वतःचं लीकेज आणि सतत चालू कंट्रोलर धरून रिकाम्या वेळात ०.५ मिलिवॉट, म्हणजे ८.५ मायक्रोज्यूल. एकूण ६० च्या आसपास. सरासरी ३ मिलिवॉट.

रिटेन्शन फ्लॉप (पुरवठा तोडला तरी किंमत जपणारे) वापरू नका. फ्रेम संपल्यावर पाइपलाइनमध्ये जपण्यासारखं काही नसतं, आणि जी काही कॉन्फिगरेशन रजिस्टर आहेत ती सतत चालू भागात हलवा. बसचा इंटरफेसही तिथेच. तो बंद भागात राहिला आणि प्रोसेसरने त्या पत्त्यावर वाचन केलं तर रेडी सिग्नल ० ला क्लॅम्प होऊन अख्खी बस अडते. १ ला क्लॅम्प केला तर बस अडत नाही, पण लिहिलेला डेटा गुपचूप हरवतो. दुसरा दोष शोधायला जास्त अवघड.

---

बिटलाइन

पॉवर गेटिंगमध्ये जे हमखास बिघडतं ते आधीच सांगून ठेवतो.

बंद भागातून बाहेर येणाऱ्या सिग्नलवर आयसोलेशन सेल (सिग्नल ठरावीक किमतीला बांधून ठेवणारे) सगळे लावतात. रिटेन्शनमधल्या मेमरीच्या *इनपुट* पिन मात्र विसरल्या जातात. लॉजिक बंद, मेमरी जिवंत, आणि तिच्या चिप-एनेबल, राइट-एनेबल, क्लॉक या पिन तरंगत्या. जागं होताना रेल वर चढत असताना त्यांवर काहीही येऊ शकतं, आणि एखादा वेट पुसला जातो. निकाल चुकीचा येत नाही, फक्त अचूकता थोडी घसरते, म्हणून कोणाला कळतही नाही. काही मॅक्रो रिटेन्शनमध्ये इनपुट आतूनच बंद करतात. तरी रिटेन्शनची पिन स्वतः सतत चालू भागातून यायला हवी, आणि तिच्या वाटेत बंद भागात साधा बफर पडला नाही ना ते लेआउटनंतर तपासा. तिथे ऑलवेज-ऑन बफरच हवा.

क्रम असा ठेवा. झोपताना: क्लॉक थांबवा, आयसोलेशन लावा, वेट बँका रिटेन्शनमध्ये, मग स्विच बंद. उठताना: कमजोर स्विच आधी, रेल बहुतेक चढली की दमदार स्विच, शेवटच्या स्विचकडून पोच आली की रिसेट. रिसेट सिंक्रोनस असेल तर आयसोलेशन उठवण्याआधी काही ठोके द्यावे लागतात. त्यानंतर मेमरी रिटेन्शनमधून बाहेर, आयसोलेशन काढा, मग खरा क्लॉक.

स्विच टप्प्याटप्प्याने का, तर तोच १ नॅनोफॅरड १० नॅनोसेकंदात भरला तर सरासरी ९० मिलिॲम्पिअर ओढले जातात, आणि शेजारच्या चालू ब्लॉकचा पुरवठा तेवढ्यापुरता खचतो. १ मायक्रोसेकंद घेतला तर ०.९ मिलिॲम्पिअर. तुम्हाला घाई कसली आहे?

हे सगळं यूपीएफमध्ये, म्हणजे आयईईई १८०१ च्या फाइलमध्ये लिहा आणि पॉवर-अवेअर सिम्युलेशन चालवा, म्हणजे बंद भागातले सगळे नोड एक्स (अज्ञात) होतात. नुसत्या आरटीएल सिम्युलेशनमध्ये बंद केलेला ब्लॉक जुन्या किमती धरून बसतो आणि सगळं छान चालल्यासारखं दिसतं.

---

हॉट_कॉर्नर

०.६ व्होल्टबद्दल अजून कोणी बोललं नाही, म्हणून.

डायनॅमिक ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गात जाते, त्यामुळे मोह होतोच. पण तुमची एसरॅम ०.६ ला चालणार नाही, असंच धरून चाला. सहा ट्रान्झिस्टरच्या सेलमध्ये वाचताना डेटा टिकायला आणि लिहिताना तो उलटायला परस्परविरोधी आकार लागतात. व्होल्टेज उतरलं की प्रत्येक सेलमधल्या थ्रेशोल्डच्या फरकाने ही तारेवरची कसरत मोडते. २५६ किलोबाइट म्हणजे २० लाखांहून जास्त सेल, आणि त्यातला सर्वांत कमनशिबी सेल तुमचं किमान व्होल्टेज ठरवतो. वर्डलाइन थोडी दाबून ठेवणं, लिहिताना बिटलाइन शून्याच्या खाली ओढणं अशा युक्त्या असतात, पण त्या मॅक्रोतच असाव्या लागतात.

म्हणून दोन रेलची मेमरी: ॲरे ०.९ वर, पेरिफेरी आणि लॉजिक ०.७२ वर. ०.८ चा वर्ग ०.६४, म्हणजे क्लॉक आणि लॉजिकचे ११ मिलिवॉट ७ वर येतात. मेमरीचे ४ चे ३ धरू. वेग उतरेल, १२० मेगाहर्ट्‌झ धरा, ३ चे ५ मिलिसेकंद होतील. २० पैकी ५, चालतं. प्रत्येक क्रियेची डायनॅमिक ऊर्जा वारंवारितेवर अवलंबून नाही, म्हणून ती २०० च्याच हिशोबाने ३० मायक्रोज्यूल. लीकेज मात्र आता ५ मिलिसेकंद पूर्ण चालू, म्हणजे १०. रिकाम्या १५ मिलिसेकंदांचे ७.५. एकूण ४७–४८. ६० च्या तुलनेत १२ मायक्रोज्यूल वाचले. बदल्यात लेव्हल शिफ्टर (दोन व्होल्टेजमध्ये सिग्नल नेणारे सेल), दुसरी रेल आणि साइन-ऑफचे जास्तीचे कॉर्नर. ४ मिलिवॉट आधीच साधत असेल तर मी हे पुढच्या आवृत्तीवर ढकलेन.

आणि ०.७२ जर ०.९ च्या रेलमधून एलडीओने (साध्या लिनिअर रेग्युलेटरने) काढणार असाल तर हिशोबच बदलतो. एलडीओ वरचा फरक उष्णतेत घालवतो. प्रवाह ०.८ पट होतो, पण तो ओढला जातो ०.९ व्होल्टवरूनच. ११ चे ७ नाही, ८.८ होतात. वर्गाचा फायदा फक्त स्विचिंग रेग्युलेटरनेच मिळतो.

व्होल्टेज उतरवल्यावर मंद कॉर्नर कोणता, हेही उलटतं. ०.९ च्या वर सवयीने गरम बाजू मंद समजली जाते. कमी व्होल्टेजला थंडीत थ्रेशोल्ड वाढल्याचा परिणाम मोबिलिटीच्या फायद्यावर मात करतो आणि −४० अंश सर्वांत मंद ठरतो. सेटअप दोन्ही टोकांना तपासा. चालू असतानाच व्होल्टेज बदलणार असाल तर वर जाताना आधी व्होल्टेज मग वारंवारिता, खाली येताना आधी वारंवारिता मग व्होल्टेज.

त्याहून खाली, थ्रेशोल्डच्या जवळ जाणं अशक्य नाही. इंटेलने २०११ मध्ये क्लेअरमाँट नावाचा प्रायोगिक पेंटियम दाखवला होता, जो २८० मिलिव्होल्टला ३ मेगाहर्ट्‌झने चालायचा. पण तिथे काम इतकं रेंगाळतं की त्या वेळात गळणारी ऊर्जाच वरचढ होऊ लागते. ऊर्जेचा आलेख वाटीसारखा असतो; तळ थ्रेशोल्डच्या आसपास, आणि त्याच्या डावीकडे पुन्हा चढ.

---

एकोणचाळीस_पिन

नव्या नोडचं राहिलं, थोडक्यात सांगतो.

आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम चालत होता तोवर ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरायचं. ते २००५ च्या सुमाराला थांबलं. कारण साधं आहे: सामान्य तापमानाला गेटचं व्होल्टेज किमान ६० मिलिव्होल्ट उतरवल्याशिवाय प्रवाह दहापट कमी होत नाही. थ्रेशोल्ड खाली आणला की गळती घातांकी वाढते, म्हणून थ्रेशोल्ड अडला आणि त्याच्यासोबत व्होल्टेजही. फिनफेट (उभ्या पात्यासारखा ट्रान्झिस्टर), जे इंटेलने २२ नॅनोमीटरला आणलं, आणि आता गेट-ऑल-अराउंड (ज्यात गेट चारी बाजूंनी वेढतं), ज्याचं उत्पादन सॅमसंगने २०२२ मध्ये ३ नॅनोमीटरला सुरू केलं, ही दोन्ही ६० च्या *जवळ* राहण्याची साधनं आहेत. त्याच्या खाली जाण्याची नाहीत.

तुमच्या ब्लॉकला त्याचा उपयोग किती? लॉजिकला नक्की होईल, लीकेज बरंच उतरेल. पण तुमचं बहुतेक क्षेत्रफळ एसरॅम आहे, आणि एसरॅमचा सेल आकसायचा जवळपास थांबला आहे: टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर पिढीचा सेल ०.०२१ चौरस मायक्रोमीटर, आणि ३ नॅनोमीटरच्या एन३ई मध्येही तेवढाच. २६१ मधले दीडशे-दोनशे मायक्रोज्यूल आरटीएलमधून निघत असताना मास्कचा खर्च वाढवणं मला पटत नाही.

ॲनालॉग इन-मेमरी कॉम्प्युटिंगचा (मेमरीच्या तारांवरच गणित करण्याचा) विषय कोणी काढलाच तर एकच गोष्ट विचारा: बेरीज बिटलाइनवर फुकट होते खरी, पण तिचा आकडा परत बिटांत आणणारा एडीसी किती बिटांचा आणि किती कॉलमना मिळून एक? बहुतेक फायदा तिथेच खर्ची पडतो.

---

सुप्त_फ्लॉप

मुळाशी गेट आणि बँकवार चिप-एनेबल एवढंच करून खऱ्या आवाजाची व्हीसीडी लावली, ॲनोटेशन ९६ टक्के. काम चालू असताना २५ मिलिवॉट, रिकामं २.३. लॉजिक ७ नाही, ८ निघालं, बहुतेक ग्लिच गुणाकारात. व्हॅलिडवरचं गेटिंग आता लावतो आहे, पण काही गेटच्या एनेबलला सेटअप व्हायोलेशन येतंय. ५ नॅनोसेकंदांच्या ठोक्यात हे का यावं?

---

निवांत_नेटलिस्ट

गेट क्लॉक झाडात वर बसलेलं आहे, म्हणून त्याला ठोका फ्लॉपच्या आधी पोचतो. एनेबल ज्या फ्लॉपमधून निघतो त्याला समजा ६०० पिकोसेकंदांनी ठोका मिळतो आणि गेटला २५० नी, तर वाटेचे ३५० पिकोसेकंद तिथेच गेले. सिंथेसिसला हे दिसत नाही, कारण तिथे क्लॉक आदर्श धरलेला असतो. गेटच्या एनेबलवर तेवढी जास्तीची सेटअप मार्जिन आधीच लावा, म्हणजे टूल ती वाट तेव्हाच घट्ट करेल. तेवढ्याने भागलं नाही तर जास्त फ्लॉप असलेल्या गेटचे दोन-तीन तुकडे करून ते झाडात खाली, पानांजवळ ढकला. झाडाची थोडी बचत कमी होईल. आणि लॉजिकचे ते ८ गुणाकाराच्या इनपुटला वेळेत एकत्र आणल्याशिवाय उतरणार नाहीत: दोन्ही ऑपरंड थेट रजिस्टरमधून गुणाकारात जाऊ द्या, मध्ये मक्स (अनेकांतून एक निवडणारं सर्किट) असेल तर तो रजिस्टरच्या अलीकडे घ्या.